थांबलेले नर

४ फेब्रुवारी

आजही काही नाही! तिन्ही नर भुलीच्या पाण्यात घातले, ओल्या फडक्यावर आडवे केले, पोटावरून शेपटीकडे अंगठा दाबत नेला – एक थेंब नाही. या दिवसांत नुसता हात लागला तरी पांढरं, दुधासारखं पाणी यायला हवं. मिल्ट म्हणतो आम्ही त्याला. आमच्या नरांतून काय आलं? काल खाल्लेलं.

टाकीवाले काका म्हणाले, "बाई, यांना लग्नच करायचं नसेल. जबरदस्ती कशाला?"

हसले. काकांचं हे सोळाव्यांदा तरी ऐकलं असेल, पण हसले. नाहीतर काय करायचं? धरण झाल्यापासून नदीत हा मासा राहिलेला नाही. जाळी लावून झाली, कोळ्यांना विचारून झालं, बक्षीस लावून झालं. आता जगात जे काही आहेत ते आमच्या दोन टाक्यांत – तीन नर, दोन माद्या. माद्यांची पोटं भरायला लागलीत. नर ढिम्म.

९ फेब्रुवारी

बाबांचं निदान पक्कं झालं. प्रोस्टेटचा कॅन्सर. हाडांत उतरलाय.

डॉक्टर तरुण आहे, भराभर बोलतो, डोळ्यांत बघत नाही. "बरा नाही होणार. पण थोपवता येईल. गाठी पुरुषी हॉर्मोनवर जगतात, आपण ते बंदच करून टाकायचं. दर महिन्याला पोटात एक इंजेक्शन. गाठींची उपासमार." टेबलावर एक खोकं ठेवलं होतं, नमुन्याचं. मी नाव वाचलं, मग पुन्हा वाचलं. माझ्या फ्रिजमध्ये माशांसाठी जे ठेवलंय त्याचंच सख्खं भावंड!

बाबांनी विचारलं, "बंद म्हणजे?"

"म्हणजे जवळजवळ शून्य. थकवा येईल, घाम फुटेल. माणूस जरा हळवा होतो. स्वभाव बदलल्यासारखा वाटतो घरच्यांना."

बाबा भिंतीकडे बघत बसले. चाळीस वर्षं नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवलेला माणूस. अर्धं गाव त्यांच्या ओरड्याला घाबरून पोहायला शिकलं. मी पाच वर्षांची असताना मला उचलून खोल पाण्यात टाकलं होतं – "येईल वर!" आले वर. माझी डॉक्टरेट झाली तेव्हा म्हणाले, "मासे धरायला एवढं शिकावं लागतं?" आई हसली होती. मी नाही.

स्वभाव बदलेल म्हणे. बघू.

११ फेब्रुवारी

पहिलं इंजेक्शन. हॉस्पिटलात बायका, मुलं, खोकला, फिनेलचा वास. "तू बाहेर थांब. आता या वयात पोरीसमोर शर्ट वर करू?" – म्हणून एकटेच आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले, शर्ट खोचत. दुखलं का विचारलं. "चल."

रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्यालाच रस्ता शिकवत होते.

१२ फेब्रुवारी

झोप लागली नाही म्हणून डोक्यात हेच. नीट लिहून काढते, निदान कागदावर तरी सरळ दिसेल.

मेंदूतून एक निरोप निघतो. तो पिट्यूटरीला मिळतो – वाटाण्याएवढी ग्रंथी, माशात तर मोहरीएवढी. ती दोन हॉर्मोन सोडते. पहिलं वृषणातल्या मूळ पेशींना उठवतं, त्यांना वाढायला लावतं. दुसरं मागाहून येतं, त्याच्या जोरावर वृषण नराचं खास हॉर्मोन बनवतं आणि त्यातून शुक्राणू पुरे घडतात. मग शेवटी आणखी एक हॉर्मोन, ज्याने मिल्ट पातळ होतं आणि शुक्राणूंना पोहण्याची ताकद येते. एक कडी निखळली की पुढचं सगळं ठप्प.

नदीत थंडी सरते, पाणी चढतं, वास बदलतो – मेंदूला कळतं, निरोप निघतो. टाकीत काय कळणार? सिमेंट आणि पंप.

म्हणून आम्ही बाहेरून निरोप देतो. माशाला हा निरोप कितीही दिवस देत राहा, त्याची ग्रंथी काम करत राहते. माणसाला तोच निरोप न थांबता दिला की ग्रंथी आधी उसळते, मग कंटाळते आणि दार लावून घेते. बाबांचं दार लावायला आणि माझ्या नरांचं उघडायला – एकच किल्ली!

हे बाबांना कसं सांगणार? नाहीच सांगणार.

२० फेब्रुवारी

नरांच्या वृषणाचा कण काढून काचेवर बघितला. वाटलं होतं निदान अर्ध्यापर्यंत आले असतील. नाही. सगळ्या पेशी पहिल्याच पायरीवर बसलेल्या. शाळेच्या दारापर्यंत आलेली आणि आत न गेलेली मुलं.

तिघांच्याही पाठीत हॉर्मोनची गोळी बसवली, हळूहळू विरघळणारी. सर्वांत मोठ्याला काकांनी "साहेब" नाव दिलंय, कारण खातो सगळ्यांत जास्त आणि काम काही नाही. साहेबाने भुलीतही शेपटी मारली. माझा चष्मा टाकीत.

२६ फेब्रुवारी

बाबांनी संत्रं सोलून दिलं. पांढऱ्या शिरासुद्धा काढून. "खा. दिवसभर पाण्यात हात घालून बसतेस."

पहिल्यांदा वाटलं दुसऱ्या कुणाशी बोलतायत.

८ मार्च

साहेब गेला. गोळी बसवली तिथे कापसासारखी बुरशी धरली होती, औषधाला दाद दिली नाही. सकाळी तरंगत होता. चूक माझ्या हातची – टाका नीट बसला नव्हता की काय, देव जाणे.

काकांनी विनोद केला नाही. तेच जास्त लागलं.

१३ मार्च

बाबा दुसऱ्या इंजेक्शनला एकटेच गेले, बसने. मी येते म्हटलं तर – "तुझे मासे सांभाळ. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" हा जुना आवाज ऐकून बरं वाटलं.

संध्याकाळी मात्र स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले. मी कांदा चिरत होते. आपणहून बोलायला लागले. "तुझ्या आईला पोहायचं होतं. लग्नानंतर दोन-तीनदा म्हणाली. मी नाही शिकवलं. गावातल्या बायकांना शिकवलं, तिला नाही. म्हटलं, लोक हसतील, मास्तर बायकोचा हात धरून पाण्यात उतरला." वळून बघितलं तर गालावर पाणी. मला म्हणाले, "कांदा फार झणझणीत आहे तुझा."

बाबांना रडताना मी आई गेली तेव्हाही बघितलं नव्हतं.

आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? – दुसरा डोस. बरोबर वेळेवर.

१४ मार्च

दादाचा फोन, इतक्या लांबून. "बाबा मला म्हणाले, जपून राहा, जेवत जा! त्यांना झालंय काय?"

"हॉर्मोन बंद झालेत त्यांचे. डॉक्टर म्हणाले होते, हळवे होतील."

"मग हे इंजेक्शन आपण लहान असतानाच का नाही दिलं गं?"

दोघंही खदाखदा हसलो. फोन ठेवल्यावर तोंड कडू झालं. बाजूच्याच खोलीत बाबा पेपर वाचत होते. पान उलटल्याचा आवाज आला नाही बराच वेळ.

२ एप्रिल

एक थेंब! उरलेल्या दोघांपैकी लहान नराने दिला. घट्ट, पेस्टसारखा. धावत सूक्ष्मदर्शकाखाली नेला, कडेने पाणी सोडलं. माशांचे शुक्राणू आत असेपर्यंत निजलेले असतात. नदीचं पाणी लागलं की उठतात आणि अर्धा-पाऊण मिनिट जिवाच्या आकांताने पोहतात – तेवढंच त्यांचं आयुष्य.

पाणी लागलं. कुणी हललं नाही. नजर लावून बसले. नीट घडलेले – डोकं आहे, शेपूट आहे. फक्त पडलेले.

३ एप्रिल

कारण बहुतेक डोपामाइन. निरोप पोचतो, पण वरून ब्रेक लागलेला. दुसरं हॉर्मोन सुटतच नाही पुरेसं. जेवढं सुटलं तेवढ्यावर शुक्राणू घडले तरी. शेवटचा जोर नाही. ब्रेक सोडवणारं औषध मागवलंय. आमच्या मत्स्यकेंद्राच्या संचालकबाई म्हणाल्या, "हा शेवटचा प्रयत्न समजा." प्रत्येक प्रयत्नाला शेवटचाच म्हणतात त्या. पण या वेळी खुर्चीतून उठल्या नाहीत, चहा विचारला नाही.

९ एप्रिल

कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला हे बाबा हवेत. संध्याकाळी दार उघडून "दमलीस?" विचारणारे. माझ्या माशांची चौकशी करणारे. काल मला म्हणाले, "तुला मी पाण्यात टाकलं होतं ना, तेव्हा मीही कपड्यांसकट उडी मारायच्या बेतात होतो. तू वर आलीस म्हणून राहिलो." चाळीस वर्षांत हे कधी सांगितलं नाही!

पण हे खरं कुणाचं? बाबांचं की कुपीतलं? माणसाचा हॉर्मोन काढून घेतला की खाली जे उरतं ते त्याचं खरं असतं, की नुसतं उरलेलं? मला चांगलं माहीत आहे ग्रंथी काय काय करू शकते. तेच नडतंय. दुसरी एखादी मुलगी नुसती गळ्यात पडली असती बापाच्या. मी आकडे मांडते.

आणि घाम फुटतो का विचारलं तर नाही म्हणतात. लपवत असतील.

१७ एप्रिल

हलले!! हलले हलले हलले!

ब्रेक सोडवणारं औषध काल दोघांनाही दिलं. आज लहान नराने दिलं ते पातळ, पांढरंशुभ्र. पाणी सोडलं – आणि काच उकळायला लागली! सगळे एकदम. उजव्या कडेचे, मधले, सगळे. मी ओरडले म्हणून काका बादली टाकून धावत आले. त्यांना बघायला दिलं. ते डोळा लावेपर्यंत पाऊण मिनिट संपलेलं. "कुठे काय? सगळे मेलेत की!" मी पुन्हा पाणी घातलं, नवा थेंब. या वेळी दिसलं त्यांना. माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला.

घरी येऊन बाबांना सांगितलं. "शाब्बास," म्हणाले.

शाब्बास!

१८ एप्रिल

माद्या तपासल्या. एकीचं पोट महिन्यापूर्वीच बसलं होतं, मला वाटलं उशिरा भरेल. आज नळीने अंडी काढून बघितली. फुटलेली, पिवळं पाणी झालेली. दोघींचीही. नराची वाट बघून शरीराने आपली अंडी आपणच जिरवली.

इतके दिवस मी नरांच्याच मागे. मादीकडे फक्त पोट दिसतंय म्हणून समाधान.

काका म्हणाले, "बैल गेला आणि झोपा केला." रागाने नाही म्हणाले. तसंच पुटपुटले.

१९ एप्रिल

कामावर गेले नाही.

२५ एप्रिल

मिल्ट गोठवलं. बारीक नळ्या, द्रव नायट्रोजन. एक नळी वितळवून बघितली – शंभरातले पाचदहा कसेबसे वळवळतात. बाकीचे गेले. पुढच्या हंगामात माद्या पुन्हा भरतील या आशेवर. एक मादी कुशीवर कलून पोहते आहे. काका तिच्याकडे बघत नाहीत.

६ मे

बाबांचं रक्त तपासलं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर गाठींचा जोर दाखवणारा आकडा धाडकन खाली यायला हवा होता. वर गेलाय. दुपटीहून जास्त.

डॉक्टरने पहिल्यांदाच डोळ्यांत बघितलं. "काहींचा आजार इंजेक्शनला जुमानत नाही. क्वचित होतं असं. पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. हॉर्मोनची पातळीही तपासू, खरंच उतरली का ते." बाबा म्हणाले, "बरं." इतकं शांतपणे की मलाच राग आला.

म्हणजे हॉर्मोन गेलं, ताकद गेली, आणि गाठी मात्र उपाशीपोटीही वाढतायत. मग काय मिळवलं आम्ही? मला काय मिळालं ते माहीत आहे. म्हणूनच तोंड वर करून डॉक्टरशी भांडता आलं नाही.

७ मे

कलती मादी गेली.

१९ मे

बाबांना आमचं केंद्र बघायचं होतं. इतक्या वर्षांत कधी आले नव्हते. काठी घेऊन आले, दोनदा थांबून. काकांनी खुर्ची दिली, टाकीच्या काठाशीच. दोघांचं लगेच जमलं. काका म्हणाले, "मास्तर, मला तुम्हीच शिकवलंय पोहायला. केस धरून बाहेर काढलं होतं." बाबा म्हणाले, "केस होते तेव्हा तुला?"

मग मला म्हणाले, समजावून सांग. मी सांगितलं सगळं – निरोप, ग्रंथी, पहिलं हॉर्मोन, दुसरं हॉर्मोन, ब्रेक. हात पाण्यावर ठेवून बसले होते. लहान नर खालून एक फेरी मारून गेला.

"म्हणजे सगळा खेळ हॉर्मोनचा?"

"बराचसा."

"माझं इंजेक्शन याच जातीचं?"

मला वाटलं नव्हतं त्यांना माहीत असेल. हो म्हटलं.

"दादाला तू सांगत होतीस फोनवर. मी हळवा झालोय ते त्याच्यामुळे." पाण्याकडेच बघत होते. "तुला तसंच वाटतं?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "वाटतं कधीकधी."

"हं."

घरी परतताना माझ्या खांद्यावर हात टाकून चालले. हात किती हलका झालाय.

२ जून

संचालकबाईंनी सांगितलं, प्रकल्प बंद. टाक्या खायच्या माशांच्या पिल्लांना देणार. त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, पण त्याही दमलेल्या दिसल्या. "तुझ्याइतकं कुणी केलं नसतं," म्हणाल्या. असं मयताच्या घरी म्हणतात.

दोन नर आणि एक मादी आता मागच्या छोट्या हौदात. जातील तेव्हा जातील. नायट्रोजनच्या डब्यात नळ्या राहतील, डब्यात नायट्रोजन भरणारं कुणी असेल तोवर.

काकांनी मोकळी टाकी ब्रशने घासली. उगाचच. कुणी सांगितलं नव्हतं.

६ जून

बाबांच्या पाठीत रात्रंदिवस कळा. कुशीवर वळताना दात आवळतात. ओरडत नाहीत. चाळीस वर्षं ओरडलेला माणूस!

९ जून

रक्त द्यायला गेलो. बाबा सुईच्या खोलीच्या दारातच थांबले. "काय निघणार ते मला माहीत आहे. हॉर्मोन आहे तिथेच आहे. मी इंजेक्शन घेतलंच नाही. एकदाही नाही."

मी हात धरून त्यांना बाकावर बसवलं.

"सिस्टरला सांगायचो, आज अंगात कणकण आहे, पुढच्या वेळी. बाकावर बसून परत यायचो. भीती वाटली गं. वाटलं, दुसराच कुणीतरी होऊन बसेन." मग म्हणाले, "तेव्हा ओरडलो तोही मीच. आता बोलतोय तोही मीच. तुला कळावं म्हणून सांगितलं. नाहीतर नसतं सांगितलं."

डॉक्टर फार चिडला. मग म्हणाला, अजूनही सुरू करता येईल. थोडे महिने मिळतील, कदाचित बरेच. माणूस बदलेल, पण मिळतील.

बाबा मला म्हणाले, "तू म्हणशील तर घेतो."

शेजारच्या खोलीत जागे आहेत. मी अजून उत्तर दिलेलं नाही.